अर्धशिशीची तालीम

(नाट्यगृहातला रंगपट. दुपार उलटलेली. संध्याकाळी नव्या नाटकाचा पहिला प्रयोग.)

मावशी : अं हं. अजून जोरात. दोन्ही हातांनी डोकं गच्च धर, केस विस्कट आणि मग किंचाळ.

सूनबाई : मावशी, पलीकडे सुतार काम करतोय. मघाच्या किंचाळण्यानं हातोडी बोटावर बसली असेल त्याच्या.

मावशी : बसू दे. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचायला हवं. पुन्हा.

सूनबाई : एक विचारू? रागावू नका हं.

मावशी : विचार. रागवायचं की नाही ते ऐकल्यावर ठरवते.

सूनबाई : अर्धशिशी उठल्यावर माणूस खरंच एवढा आरडाओरडा करतो?

मावशी : नाटकातली थोरली बहीण करते.

सूनबाई : तिचं सोडा, तुमचं सांगा. तुम्हाला जन्माची आहे म्हणून तर नानांनी शिकवायला तुम्हाला बोलावलं. तुम्ही विस्कटलेत कधी केस?

मावशी : तुला भूमिका करायचीय की माझी मुलाखत घ्यायचीय?

सूनबाई : कारण माझं असं होत नाही.

मावशी : तुझं? तुझं काय?

सूनबाई : काही नाही हो. पित्त आहे माझं. अधूनमधून डोकं धरतं. पण तेव्हा ओरडायची इच्छाच नसते. कुणी कपात चमचा फिरवला तरी वाटतं, पाया पडते, थांबवा. मी न्हाणीघरात थंड फरशीला गाल लावून पडते. हलायचं नाही, बस. हललं की संपलं.

मावशी : कुठली बाजू?

सूनबाई : बहुतेक वेळा उजवी. कधी डावी. डोळ्याच्या मागे.

मावशी : आणि दुखतं कसं? धरल्यासारखं की ठणकतं?

सूनबाई : ठणकतं. नाडीबरोबर. जिना चढले की दुप्पट. आणि हसाल तुम्ही, पण तेव्हा ना, केससुद्धा दुखतात. वेणी सोडावी लागते.

मावशी : हसत नाही मी.

सूनबाई : कुणाला सांगितलं तर हसतात. केस कसे दुखतील म्हणे.

मावशी : उलटी होते?

सूनबाई : होते ना. म्हणून तर पित्त. सासूबाईंचं ठरलेलंच आहे : उलटी झाली म्हणजे पित्त.

मावशी : चोर सोडून संन्याशाला सुळी देताय सगळे. पोटामुळे डोकं दुखत नाही, डोक्यामुळे पोट ढवळतं. उजेड सहन होत नाही? वास?

सूनबाई : आज या रंगाचाच होत नाहीये. नेपथ्याला सकाळी दुसरा हात दिलाय. सगळ्या थिएटरभर तोच वास. तुम्हाला नाही येत?

मावशी : येतो. मी खिडकीपाशी का बसलेय मग? सकाळपासून जांभया किती दिल्यास तू?

सूनबाई : रात्री झोपच लागली नाही. पहिला प्रयोग ना.

मावशी : आणि मान?

सूनबाई : आखडलीय. कसं ओळखलंत?

मावशी : मघापासून डावा हात मानेवरून खाली आलेला नाही तुझा. खाल्लंस काय सकाळपासून?

सूनबाई : काही नाही. प्रयोगाच्या दिवशी कसलं खाणं? नानांचा नियम. पडदा वर जाईपर्यंत मुख्य नटीनं पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. भरल्या पोटी आवाज सुस्त होतो म्हणे.

मावशी : अजून पाळतो तो हे?

सूनबाई : तुमच्या वेळीही होतं?

मावशी : माझ्यापासूनच सुरू झालं. एका प्रयोगाला मी चुकून उपाशी राहिले आणि काम झकास झालं. नानानं त्याचा कायदाच केला. बावळटासारखी मीही पाळत आले.

सूनबाई : मावशी, आरशाचे दिवे विझवू का? बोचतायत.

मावशी : थांब. माझ्याकडे बघ. बोचतायत म्हणजे कसे?

सूनबाई : बोचतायत म्हणजे... अय्या. हे काय? आरशात माझा चेहरा अर्धाच दिसतोय.

मावशी : अर्धा म्हणजे?

सूनबाई : एक बाजू नाहीच. तिथे काहीतरी लकलकतंय. करवतीचे दाते असतात ना तसं, पण चमकणारं. हलतंय. डोळे मिटले तरी आहेच. मावशी, माझे डोळे गेले का?

मावशी : गेले नाहीत. खाली बस. याआधी झालंय असं?

सूनबाई : कॉलेजात असताना, परीक्षेच्या हॉलमध्ये. मागाहून दोनतीनदा. मला वाटलं चष्मा लागला. बोला ना. तुम्ही एकदम गप्प का झालात?

मावशी : विचार करतेय.

सूनबाई : कसला?

मावशी : गप्पच बसावं की बोलावं, याचा.

सूनबाई : मला भीती वाटतेय हो. कोड्यात नका बोलू.

मावशी : मग सरळ ऐक. तुला पित्तबित्त काही नाही. माझी अर्धशिशीच आहे तुला. डॉक्टर मायग्रेन म्हणतात. जांभया, आखडलेली मान ही तिची वर्दी. डोळ्यांपुढची करवत ही दुसरी वर्दी. ती थोड्या वेळानं आपोआप जाईल आणि मग डोकं उठेल. म्हणजे पडदा वर जाण्याच्या सुमारास तू रंगमंचावर डोळे मिटून उभी असशील. आणि हे मी बोलले नसते, तर मला आज जे बघायचं होतं त्याच्या दुप्पट बघायला मिळालं असतं.

सूनबाई : काय बघायचं होतं तुम्हाला?

मावशी : तुझ्या सासऱ्याचं, त्या नानाचं तोंड.

सूनबाई : म्हणजे?

मावशी : तुला मी सगळं उलटं शिकवलंय, पोरी. डोकं धरून किंचाळायचं, केस विस्कटायचे, पलंगावर लोळायचं. अर्धशिशीत असं कुणी करत नाही. ज्याचं डोकं हललं तरी फुटतं, तो लोळेल कसा? आज प्रेक्षागृहात ज्यांच्या घरी हे दुखणं आहे अशी माणसं असणारच. तू किंचाळलीस की त्यांना हसू फुटलं असतं. एक हसला की दुसरा हसतो. करुण प्रसंगात प्रेक्षक हसला, की नाटक तिथेच आटोपतं.

सूनबाई : पण हसले कुणावर असते? माझ्यावर! नाना विंगेत, तुम्ही इथे आणि उजेडात मी!

मावशी : हो.

सूनबाई : हो काय? मी महिनाभर तुम्हाला मावशी मावशी करतेय. घरून तुमच्यासाठी बिनदुधाचा चहा वेगळा आणते. घसा फुटेस्तोवर किंचाळतेय. आणि तुम्ही मला सुळावर चढवायला शिडी धरून उभ्या होतात?

मावशी : तुझ्यावर राग नव्हता. तू फक्त त्याची सून होतीस.

सूनबाई : वा! छान! म्हणजे मी वाटेतली वीट. काय केलं काय त्यांनी एवढं?

मावशी : आवाज चढवू नकोस, तुलाच लागेल. काय केलं ते सांगते. दुसरा अंक चालू होता. अशीच उपाशी होते. डोळ्यांपुढे ही करवत आली. मी म्हटलं, निभावून नेईन. पण माझ्या अर्धशिशीत एक जास्तीची खोड आहे, शब्द पळतात. सगळं कळत असतं. मनात वाक्य तयार असतं. तोंडातून भलतंच येतं. ‘दार उघड’ म्हणायच्या जागी मी ‘भाकर उघड’ म्हणाले. लोक हसले. पुढचं वाक्य त्याहून वाईट. विंगेत येऊन मी ओकले. नानानं पडदा पाडला आणि पुढे जाऊन हात जोडून सांगितलं, क्षमा असावी, आमच्या नायिकेनं आज जरा जास्त घेतली आहे.

सूनबाई : घेतली म्हणजे... दारू?

मावशी : पडद्याच्या मागे मी बादलीत तोंड घालून बसले होते आणि ऐकत होते. हसले लोक. टाळ्यासुद्धा पडल्या त्याच्या हजरजबाबीपणाला. मी आयुष्यात घेतलेली नाही. वासानंच माझं डोकं उठतं. पण त्यानंतर मला कुठल्या कंपनीनं काम दिलं नाही. जिकडे जावं तिकडे लोक आधी तोंडाचा वास घ्यायचे. आणि आता हा त्याच दुखण्यावर नाटक लिहितो! थोरली बहीण म्हणे. माझे शब्द आहेत तिच्या तोंडी, माझी थंड फरशीसुद्धा आहे. मला निरोप काय पाठवला माहितेय? ‘तुमच्या वेदनेला मी रंगभूमीवर न्याय देतोय.’ मी म्हटलं, येते. न्यायच करायचाय ना, करू.

सूनबाई : मग आत्ता का सांगितलंत मला?

मावशी : केस दुखतात म्हणालीस म्हणून. आजवर ते मीच लोकांना सांगत आले. मला कुणी सांगितलं नव्हतं. हे घे, बिस्किटं आहेत, सावकाश चाव. पाणी पी. हात वर कर बघू दोन्ही. हं. हसून दाखव. ठीक, अर्धांगवायूचं काही नाही. तुझी दुखण्यावरची नेहमीची गोळी आहे जवळ?

सूनबाई : पर्समध्ये. डॉक्टरांनी दिलेली. पण अजून दुखतच नाहीये.

मावशी : ठणका सुरू झाल्यावर घेतली तर पोट तिला आत ठेवून घेत नाही. डॉक्टरांनी सांगितलीय तेवढीच घे, पण घे. माझी देणार नाही, ती माझ्यासाठी दिलेली आहे. आणि उद्या डोक्याच्या डॉक्टरकडे जायचं. चष्मेवाल्याकडे नाही, सासूबाईंकडे नाही.

सूनबाई : हे होतं कशामुळे पण? मी काय चुकतेय?

मावशी : काही चुकत नाहीस. जन्मतःच मेंदू जरा जास्त जागा असतो आपला. बहुतेक वेळा घराण्यातून येतं. तुझ्या आईला विचार, ती उन्हाळ्यात अंधाऱ्या खोलीत का निजायची.

सूनबाई : निजायची! आम्हाला सांगायची, दमलेय.

मावशी : बघ. मग अशा डोक्याला उपास घडला, झोप मोडली, पाळी जवळ आली, हवा पालटली, रंगाचा वास आला, की ठिणगी पडते. एकेकटं काही नसतं. आज तुझ्यावर सगळे एकदम चालून आलेत. दिवे विझव आता. पड जरा. हा ओला रुमाल.

सूनबाई : आणि प्रयोग?

मावशी : त्याचं काय करायचं ते तुझ्या सासऱ्याला ठरवू दे. आलाच बघ.

नाना : सूनबाई! अंधार कसला हा? रंगायला बसायची वेळ आणि तुम्ही दोघी गुहेत? थांबा, मीच लावतो दिवे!

मावशी : राहू दे, नाना. तिचं डोकं उठतंय.

नाना : काय सांगता! खरंच?

मावशी : खरंच. ती आज उभी राहू शकणार नाही.

नाना : बाई, लक्षात घ्या तुम्ही, हा तर योग आहे, योग! नटाला भूमिकेची वेदना प्रत्यक्ष लाभावी, यापरतं भाग्य नाही. सूनबाई, दुखू दे. दाबू नकोस. वापर ते! आज ओठावरचं नाही, आतलं येऊ दे!

सूनबाई : नाना, मला दिव... दिवस... बंद करा तो दिवस. डोळ्यात जातोय.

नाना : वा! काय म्हणालीस? ‘बंद करा तो दिवस’! हे संहितेत नाही. हे ठेव. बाई, ऐकलंत? कुणी लिहून जमणार नाही असं वाक्य.

मावशी : तिला दिवा म्हणायचंय.

सूनबाई : चमचा... नाही. चप... मला घरी... मावशी, तो शब्द काय? पांघरूण. मला पांघरूण न्या. नाही. घरी.

नाना : अप्रतिम! हा अडखळण्याचा प्रकार तालमीत का नाही केलास? बाई, श्रेय तुमचं आहे. मी जाहीर सांगेन.

मावशी : नाना, नीट बघा तिच्याकडे. ती करत नाहीये.

नाना : नट करत नाही, होतो, हेच तर मी आयुष्यभर...

मावशी : बाजूला व्हा. बाजूला व्हा म्हणते ना! बादली द्या ती. रंगाची नको, ती दुसरी.

नाना : अरे! अरे अरे. सतरंजी! माझे बूट!

मावशी : हं. होऊ दे. झालं. दिवे विझवा, नाना. स्वतः विझवा, कुणाला हाका मारू नका. आणि बसा त्या स्टुलावर.

सूनबाई : मावशी...

मावशी : बोलू नकोस. शब्द येतील परत, शोधू नकोस तू. कुशीवर वळ. पाय जवळ घे.

नाना : ती उठेल ना? तासाभरात?

मावशी : तासाभरात तर ठणका ऐन भरात असेल. उद्या दुपारपर्यंतसुद्धा माणसात येणार नाही ती. ओसरल्यावरही अंगातलं सगळं कुणी पिळून नेल्यासारखं वाटतं एक दिवस.

नाना : बाहेर रांग लागलीय. पहिला प्रयोग आहे. समीक्षक येणार आहेत. माझी शेवटची संधी आहे हो ही. लोक म्हणतात, म्हाताऱ्याचं संपलं.

मावशी : मला कुणी म्हातारं व्हायलाही वेळ दिला नव्हता.

नाना : जुनं उकरू नका आत्ता. ऐका. माझ्या डोक्यात आलंय. तुम्ही उभ्या राहा.

मावशी : मी?

नाना : तुम्हाला शब्द न् शब्द पाठ आहे. महिनाभर तुम्हीच तर करून दाखवताय. आणि ती थोरली म्हणजे तुम्हीच ना! वयाचं काय, रंगवता येतं. विचार करा. तोच पडदा, तोच उजेड. परत आल्या म्हणून लोक उभे राहतील. मी स्वतः हाताला धरून पुढे नेईन तुम्हाला.

मावशी : हाताला धरून.

नाना : सगळ्यांसमोर. याच्याहून आणखी काय हवं नटीला?

मावशी : खोटं नाही बोलत, नाना. हवं होतं. कित्येक वर्षं घरी ओट्यापाशी उभी राहून मी भिंतीला संवाद म्हणून दाखवलेत. भिंतीनं कधी वास घेतला नाही माझ्या तोंडाचा.

नाना : मग उठा! रंगवणाऱ्याला पाठवतो.

मावशी : नको.

नाना : नको? का? अट आहे काही? बोला. पाटीवर नाव वर घालतो. नाटक तुमच्यावरून सुचलं, असंही सांगतो.

मावशी : अट नाही. सल्ला आहे. पडद्यापुढे जा, हात जोडा आणि सांगा, आमच्या नायिकेला अर्धशिशीचा झटका आलाय, प्रयोग रद्द.

नाना : डोकं दुखतंय म्हणून प्रयोग रद्द? अहो, हसतील लोक! सगळी तिकिटं गेलीत. काहीतरी मोठं सांगावं लागेल. अपघात. पडली जिन्यावरून. हाड मोडलं.

मावशी : हाड नाही मोडलं. नाव घ्यायचं. अर्धशिशी. मी विंगेत उभी राहून ऐकणार आहे. तुम्ही दुसरं काही बोललात, तर मी तशीच पुढे येईन आणि त्या जुन्या प्रयोगाला काय घडलं होतं ते लोकांना सांगेन. शब्द पाठ आहेत मला, तुम्हीच म्हणालात.

नाना : तुम्ही माझी फजिती करायलाच आल्या होतात.

मावशी : हो. पण याहून मोठी. यातून तुम्ही स्वस्तात सुटताय, ते हिच्यामुळे.

नाना : माणसं पोट धरून हसतील मला.

मावशी : हसू द्या. उभं राहायचं आणि ऐकायचं. टाळ्या पडायची आशा मात्र ठेवू नका, विनोद तुमचा नसेल यावेळी. आणि उद्यापासून तो उपासाचा कायदा बंद. तो माझ्यापासून सुरू झाला, मीच मोडते.

नाना : बाई, पाया पडतो. एक प्रयोग. फक्त आजचा. म्हणजे... तुमचंही डोकं दुखतंय का? तसं असेल तर सांगा, मी समजू शकतो. मी नाटक लिहिलंय त्यावर.

मावशी : तसं म्हटलं तर सुटलात तुम्ही. मग मीच ती, डोक्याचं निमित्त करणारी. नाही, नाना. आज माझं डोकं स्वच्छ आहे. इतकं स्वच्छ कित्येक वर्षांत नव्हतं.

नाना : मग का येत नाही? काय अडचण आहे? निदान कारण तरी सांगा मला!

मावशी : मी उभी राहिले, की हिचं दुखणं पडद्याआडच राहील, माझं राहिलं तसं. हळू बोला. डोळा लागतोय तिचा.